गार असताना सुटणारा, गरम झाल्यावर धरणारा: मागच्या हायड्रॉलिक ब्रेकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सायकल तीनेक वर्षं वापरलेली माउंटन बाइक. पुढे-मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, दोन्ही मिनरल ऑइलवर, म्हणजे खनिज तेलावर चालणारे. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा चाकाजवळचा भाग; प्रत्येक कॅलिपरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, व्यास २२ मिलिमीटर. मागची डिस्क १६० मिलिमीटरची. सायकल ज्याची, त्याची ओळख पटेल असं काही इथे देत नाही, त्याला नुसतं 'मालक' म्हणतो. आठवड्यातून एक-दोनदा मातीच्या वाटांवर जाणारा, चढावर हळू आणि उतारावर जोरात. पंक्चर, चेन, गिअर हे सगळं तो स्वतः करतो. ब्रेकच्या तेलाला मात्र हात लावत नाही.

त्याची तक्रार एका वाक्याची होती: "मागचा ब्रेक धरून बसतो." कधीपासून, असं विचारल्यावर उत्तर आलं, "दोन आठवड्यांपूर्वी नवे पॅड टाकले, तेव्हापासून." मी एवढ्यावरच समाधान मानलं. त्याआधी ब्रेकला कोणी काय केलं होतं, हे विचारलं नाही. पुढचा सगळा घोळ त्या न विचारलेल्या प्रश्नाचा आहे.

प्रकरणात शिरण्याआधी ब्रेक सुटतो कसा, हे सांगायला हवं. लागतो कसा, हे सगळ्यांना माहीत असतं: लिव्हर दाबली की तेल पुढे सरकतं, पिस्टन बाहेर येतात, पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात. पण लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे कोण नेतं? बहुतेक जण म्हणतात, स्प्रिंग. दोन पॅडांच्या मध्ये पातळ पत्र्याची स्प्रिंग असते खरी, पण तिचं काम पॅड पिस्टनला टेकवून ठेवण्यापुरतं. पिस्टनला मागे ओढतो तो त्याच्याभोवतीचा चौकोनी छेदाचा रबरी सील. पिस्टन पुढे जाताना सील त्याला धरून ठेवतो आणि स्वतः किंचित मुरडला जातो. दाब गेला की तो सरळ होतो आणि सरळ होताना पिस्टनला सोबत मागे आणतो. हे मागे येणं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढं असतं. डिस्क आणि पॅड यांच्यात जी बारीक फट दिसते, ती एवढ्यावर टिकून असते.

पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून हळूहळू पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून तेच काम करू लागतो. त्याच्या मागे जी जास्तीची जागा होते ती भरायला लिव्हरजवळच्या छोट्या टाकीतून तेल खाली येतं. टाकी आणि नळी यांच्यामध्ये एक बारीक छिद्र असतं. लिव्हर पूर्ण सुटलेली असते तेव्हाच ते उघडं असतं. लिव्हर दाबायला सुरुवात केली की लिव्हरमधला वेगळा पिस्टन ते ओलांडतो, वाट बंद होते आणि दाब तयार होतो.

म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक सुटत नसेल तर कारणं दोन जातींची असतात. एक तर कॅलिपरचा पिस्टन कोरडा, मळलेला किंवा सील फुगल्यामुळे मागे सरकत नाही. नाहीतर पिस्टन सरकायला तयार आहे, पण त्याच्या मागच्या तेलाला परत जायला जागा नाही. घर्षण की दाब, एवढाच प्रश्न. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

अडचण

सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक हाताने फिरवलं. दीड फेरा मारून थांबलं. आवाज दोन येत होते: एक सलग 'सूंऽऽ' असा, आणि त्यात दर फेऱ्याला एकदा 'चर्र'. हे दोन आवाज वेगळे ऐकायची सवय असलेली बरी. फेऱ्यात एकदा येणारा आवाज वाकलेल्या डिस्कचा असतो. सलग येणारा पॅडचा किंवा कॅलिपरचा. इथे दोन्ही होते. डिस्क थोडी वाकली होती, पण तेवढ्याने चाक दीड फेऱ्यात थांबत नाही.

कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरून वरून फटीत पाहिलं. उजव्या पॅडच्या बाजूला बारीक उजेड दिसत होता. डावा पॅड डिस्कला चिकटलेला. लिव्हर हळूच दाबली, तर उजवा पॅड येऊन डिस्कलाच डावीकडे वाकवत होता. डावा पिस्टन जागचा हलत नव्हता, सोडल्यावरही तिथेच.

आणखी एक गोष्ट पुढे आली, जरा उशिरा आणि जरा ओशाळून. ब्रेक धरायला लागल्यावर मालकाने कॅलिपरमध्ये स्प्रे मारला होता. गंजलेल्या बिजागरीपासून अडकलेल्या कुलपापर्यंत सगळ्यावर मारतात तो. "सुटेल असं वाटलं," तो म्हणाला. सुटला नाही. त्याऐवजी नव्याकोऱ्या पॅडांनी तेलकट स्प्रे पिऊन घेतला आणि ब्रेक दाबल्यावर किंचाळायला लागला. म्हणजे आता ब्रेक सुटतही नव्हता आणि नीट लागतही नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोहक. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, लिव्हर दाबून धरायची म्हणजे कॅलिपर आपोआप डिस्कच्या मध्यावर येतो, आणि तसेच बोल्ट आवळायचे. पाच मिनिटांचं काम. कॅलिपर तिरका बसला असेल तर हाच उपाय. पण इथे एक पिस्टन आळशी होता. अशा वेळी कॅलिपर सरकवला तर फट दोन्हीकडे सारखी दिसते आणि दुखणं झाकलं जातं; चार दिवसांनी परत तेच.

दुसरा पर्याय पिस्टन साफ करून मोकळे करण्याचा. तिसरा पूर्ण ब्लीडिंगचा, म्हणजे जुनं तेल काढून, हवा काढून, नवं तेल भरायचं. चौथा, कॅलिपरच नवा.

ब्लीडिंग मी मागे ठेवलं, कारण लिव्हर अजिबात स्पॉन्जी नव्हती. उलट मस्त कडक होती, थोड्याशा हालचालीत ब्रेक लागत होता. तेलात हवा असेल तर लिव्हर मऊ लागते, हे बरोबर. त्यावरून 'तेल ठीक आहे' असा निष्कर्ष मी काढला, तो मात्र चूक होता. तेल ठीक नसण्याचा हवा हा एकच प्रकार नाही. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. डोळ्यांसमोर अडकलेला पिस्टन दिसत होता आणि दिसणारं कारण मिळालं की माणूस शोधणं थांबवतो.

निवड दुसऱ्या पर्यायाची झाली. तशी ती चुकीची नव्हती, अपुरी होती.

पहिली दुरुस्ती

चाक काढलं, पिन काढून पॅड बाहेर घेतले. पॅड नाकाजवळ नेले तरी स्प्रेचा वास येत होता. घासून, तापवून पॅड वाचवायचे प्रयोग लोक करतात, मीही केले आहेत. वरचा थर घासला की दोन दिवस बरे चालतात, मग आत मुरलेलं तेल उष्णतेने पुन्हा वर येतं. ब्रेकच्या बाबतीत हा जुगार मी खेळत नाही. पॅड टाकून दिले. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.

कॅलिपरची आतली बाजू त्याच अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने साफ केली. मग पिस्टन. उजव्या पिस्टनवर प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) आडवा धरून त्याला थोपवलं आणि ब्रेकची लिव्हर अगदी हळू, अर्धी-अर्धी दाबली. तेलाला उजवीकडे जाता येईना, त्यामुळे सगळा जोर डावीकडे गेला आणि डावा पिस्टन कुरकुरत बाहेर यायला लागला. साधारण तीन मिलिमीटर बाहेर आला तिथे थांबलो. याहून पुढे जाण्यात धोका आहे: पिस्टन सीलच्या बाहेर निघाला की तेल सांडतं आणि पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

बाहेर आलेल्या भागावर तपकिरी-करड्या मळाचं कडं बसलेलं होतं, सीलच्या अगदी तोंडाशी. धूळ, पॅडची भुकटी आणि वर स्प्रेचा चिकटा. मालकाने पॅड बदलताना पिस्टन न पुसता तसाच आत ढकलला होता. ते कडं सीलखाली गेलं आणि पिस्टन तिथेच रुतला. इअरबड मिनरल ऑइलमध्ये बुडवून पिस्टनची कड चहूबाजूंनी पुसली. चार इअरबड काळे झाले, पाचवा करडा, सहावा जवळजवळ पांढरा. मग पिस्टन आत, पुन्हा बाहेर, पुन्हा थेंबभर तेल. असं पाच-सहा वेळा केल्यावर तो न कुरकुरता सरकायला लागला. वंगण म्हणून ब्रेकमध्ये जे तेल आहे तेच वापरायचं, हा नियम पक्का. ग्रीस किंवा चेनचं तेल सीलच्या रबराला मानवेलच असं नाही. पिस्टन ढकलायलाही प्लॅस्टिकच घ्यावं. पिस्टन सिरॅमिकचे असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कड उडू शकते किंवा चीर जाऊ शकते.

आता ती गोष्ट, जी मी त्या दिवशी नजरेआड केली. पिस्टन आत ढकलताना जोर फार लागत होता. डावाच नाही, साफ असलेला उजवाही. टायर लिव्हरवर दोन्ही अंगठे टेकवून ढकलावं तेव्हा तो आत जाई, आणि अंगठे काढले की केसभर परत बाहेर येई. फुग्यावर बोट दाबून उचलावं, तसं. अडकलेला पिस्टन असा वागत नाही. तो ढकलला तिथे राहतो. हा पिस्टन मागून कोणीतरी ढकलत असल्यासारखा परत येत होता. अंगठ्यांना ते कळलं होतं, डोक्याने 'सील नवीन जागी बसतोय' असं काहीतरी म्हणून सोडून दिलं.

डिस्कचा वाक काढणं सोपं होतं. फ्रेमला झिप टाय बांधून त्याचं टोक डिस्कच्या कडेला अगदी लागू-न-लागू ठेवलं, जिथे लागलं तिथे खूण केली आणि स्वच्छ पान्याने हलके हलके उलट दिशेला वाकवलं. डिस्कची जाडी १.७ मिलिमीटर भरली. या डिस्कवर किमान जाडी १.५ अशी कोरलेली आहे, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक. नवे पॅड घातले, कॅलिपर मध्यावर आणून बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरच्या मधे आवळले, आणि पॅड डिस्कवर बसावेत म्हणून मध्यम वेगातून वीसेक वेळा ब्रेक हळू लावून वेग उतरवला. पूर्ण थांबायचं मात्र नाही.

चाक आता फिरवलं की फिरतच राहत होतं. मालक खूश, मी त्याहून खूश.

पुन्हा तीच तक्रार

आठ दिवसांनी फोन आला.

"अरे, परवा लांब उतार होता. अर्ध्यात मागचं चाक जड व्हायला लागलं, मग जामच. सायकल उचलून बाजूला घेतली. दहा मिनिटं बसलो तर आपोआप सुटलं."

"आणि आता?"

"आता काहीच नाही. घरी फिरवून बघितली, एकदम मोकळी. तू म्हणशील मी खोटं बोलतोय."

खोटं बोलत नव्हता. उलट त्याने निदानच हातात दिलं होतं. मळलेला पिस्टन गार असतानाही धरतो. जो ब्रेक फक्त तापल्यावर धरतो आणि निवल्यावर सुटतो, त्यात दाब अडकतोय. तेल तापलं की फुगतं. फुगलेलं तेल त्या बारीक छिद्रातून टाकीत जायला हवं. ते जात नसेल तर पिस्टनला पुढे ढकलतं, पॅड डिस्कला लागतात, घासल्याने आणखी उष्णता, आणखी फुगणं. चक्र सुरू झालं की स्वार ब्रेक सोडूनही ब्रेक लागलेलाच राहतो. उतारावर, वेगात, मागचं चाक.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. पॅड बदलण्याआधी या ब्रेकला कोणी काही केलं होतं का?

"सहाएक महिन्यांपूर्वी लिव्हर हँडलपर्यंत यायला लागली होती. एकाने तेल टाकून दिलं वरून. तेव्हापासून एकदम कडक."

"पॅड तेव्हा जुनेच होते?"

"जुनेच. निम्मे झिजलेले असतील."

हिशेब इथेच जुळला. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण २ मिलिमीटरचा असतो. तो निम्मा झिजला असेल तर प्रत्येक पिस्टन १ मिलिमीटर बाहेर आलेला. २२ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस मिलिमीटर. दोन पिस्टन, १ मिलिमीटर पुढे, म्हणजे जवळपास पाऊण मिलिलिटर जागा. टाकीतलं तेवढं तेल खाली उतरलं होतं. ते गळालेलं नव्हतं, पिस्टनच्या मागे जाऊन बसलं होतं. वरून टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मग सहा महिन्यांनी मालकाने पिस्टन मागे ढकलून जाड पॅड घातले, आणि ते पाऊण मिलिलिटर तेल परत निघालं ते भरलेल्या टाकीकडे. टाकीतला रबरी पडदा ताणून ताणून त्याने कशीबशी जागा केली. अंगठ्यांना जाणवला होता तो हाच पडदा.

तापल्यावर काय होत असेल, त्याचाही अंदाज बांधता येतो. अशा तेलाचं आकारमान दर अंश सेल्सिअसला ढोबळ ०.०७ टक्क्यांनी वाढतं. कॅलिपरमधलं २ मिलिलिटर तेल ८० अंशांनी तापलं असं धरलं, तर वाढ ०.११ मिलिलिटर. दोन पिस्टनांत वाटली की प्रत्येकी सुमारे ०.१५ मिलिमीटर. पॅड आणि डिस्कमधली फटही एवढीच असते. धरलेले आकडे थोडे मागेपुढे होतील, पण फट पूर्ण भरून निघायला किती थोडं तेल पुरतं, हे त्यावरून दिसतं.

निदानाची परीक्षा

अंदाज जुळला म्हणजे तो खरा ठरत नाही. पहिल्या फेरीत मी तीच चूक केली होती. त्यामुळे या वेळी ब्रेक तापवूनच तपासला. मालकाने उतारावर फक्त मागचा ब्रेक अर्धवट दाबून सायकल खाली आणली, वेग कमीच ठेवून. तिसऱ्या खेपेला चाक जड झालं. डिस्कला हात लावायची सोय नव्हतीच.

सायकल अशी धरली की लिव्हरची टाकी आडवी, सपाट राहील. टाकीभोवती फडकं गुंडाळलं आणि टाकीवरचा छोटा ब्लीड स्क्रू हळूहळू सैल केला. शेवटचा आटा सुटण्याआधीच तेल स्क्रूच्या कडेने वर आलं आणि फडक्यात उतरलं. मालकाने चाक फिरवलं. मोकळं.

या एका स्क्रूने तीन शक्यता वेगळ्या होतात, म्हणून ही परीक्षा मला आवडते. टाकीचा स्क्रू उघडल्यावर चाक सुटलं, तर टाकी आणि कॅलिपर यांच्यामधली वाट उघडी आहे आणि तेल जास्त आहे. टाकी उघडूनही चाक तसंच राहिलं, पण कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तेल काढायच्या तोंडाला, नळी लावून ते किंचित उघडल्यावर सुटलं, तर मधलं छिद्र बुजलं आहे किंवा लिव्हरमधला पिस्टन पूर्ण मागे येत नाही. म्हणजे दुरुस्ती लिव्हरकडे. आणि दोन्ही उघडूनही चाक धरूनच राहिलं, तर दाबाचा संबंध नाही, कॅलिपरचा पिस्टनच अडकला आहे. आपल्या बाबतीत पहिलीच शक्यता खरी निघाली.

दुसऱ्या फेरीतले पर्याय

खरं म्हणजे त्या क्षणी ब्रेक दुरुस्त झाला होता. जास्तीचं तेल निघालं, स्क्रू बंद केला, संपलं. मालकाचं मत तेच पडलं.

मला एक गोष्ट टोचत होती: सहा महिन्यांपूर्वी वरून टाकलेलं तेल कोणतं होतं? या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. काही ब्रेक डॉट द्रवावर, म्हणजे मोटारींच्या ब्रेकमध्ये असतो तशा द्रवावर चालतात. दोन्हींसाठी सीलचं रबर वेगळं असतं, आणि चुकीचा द्रव गेला की रबर फुगतं. फुगलेला सील पिस्टनला आवळून धरतो. तसं असेल तर आज सुटलेला ब्रेक महिन्याभराने पुन्हा धरेल, आणि तेव्हा लिव्हर, नळी, कॅलिपर सगळंच बदलावं लागेल. मिसळलेल्या द्रवाने भिजलेले सील धुऊन पूर्ववत होत नाहीत.

ते ओळखायची युक्ती साधी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन टाकीतून आलेल्या तेलाचे तीन-चार थेंब त्यात सोडले. मिनरल ऑइल पाण्यावर तरंगतं. ब्रेकमध्ये वापरतात ते डॉट द्रव पाण्यात मिसळून जातात. थेंब वर आले, गोल होऊन तरंगत राहिले. ढवळलं तरी पुन्हा वरच. पाणी नितळ. मालक त्या ग्लासकडे दहावीच्या निकालासारखा बघत होता.

तेल योग्य जातीचं होतं, पण रंग करडा झालेला आणि तळाशी बारीक काळे कण. लिव्हर किंवा सील बदलायचं कारण उरलं नाही. नुसतं जास्तीचं तेल काढून सोडून द्यायचं की पूर्ण ब्लीड करायचं, एवढाच निर्णय बाकी. कण पाहून आम्ही ब्लीड करायचं ठरवलं. तेच कण पुढे त्या बारीक छिद्रात जाऊन बसले, तर हेच प्रकरण नव्या कारणाने पुन्हा उघडलं असतं.

दुसरी दुरुस्ती

पॅड बाहेर. या वेळी आधी टाकीचा स्क्रू काढून तिथे फनेल बसवलं आणि मग पिस्टन मागे ढकलले. एका अंगठ्याने, सहज गेले. ढकलल्यावर फनेलमध्ये तेलाची पातळी चढताना दिसली, आणि अंगठा काढल्यावर पिस्टन जागेवरच राहिले. पहिल्या फेरीत हे एवढंच केलं असतं, तर सगळं तेव्हाच कळलं असतं.

दोन पिस्टनांच्या मध्ये ब्लीड ब्लॉक बसवला. हा प्लॅस्टिकचा ठोकळा म्हणजे या सगळ्या प्रकरणावरचा उतारा. तो मध्ये असला की पिस्टन पूर्ण मागे राहतात आणि ब्रेकमध्ये मावेल तेवढंच तेल भरलं जातं. पुढे पॅड झिजून बदलले तरी परत येणाऱ्या तेलाला टाकीत जागा असते. मग कॅलिपरच्या निपलला सिरिंज लावून नवं तेल खालून वर ढकललं. फनेलमध्ये आधी करडं, मग धुरकट, मग स्वच्छ तेल आलं. नळीवर बोटाने टिचक्या मारल्या, लिव्हर झटके देऊन सोडली, दोन-तीन बुडबुडे वर आले. निपल बंद, फनेल काढून स्क्रू बंद, सगळीकडे अल्कोहोलने पुसून घेतलं. मिनरल ऑइलचा एक थेंब डिस्कवर राहिला तरी स्प्रेची कथा पुन्हा सुरू झाली असती.

निकाल

त्याच उतारावर, तशाच पद्धतीने, मागचा ब्रेक अर्धवट दाबून पाच खेपा. डिस्क तापली, वासही आला, पण ब्रेक सोडल्यावर प्रत्येक वेळी चाक मोकळं. दोन महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही फट दोन्हीकडे शिल्लक होती.

मालकाची मात्र एक नवी तक्रार आहे: लिव्हर पूर्वीइतकी कडक राहिली नाही, थोडी जास्त आत येते. बरोबर आहे. सहा महिने त्याला जो 'एकदम कडक' ब्रेक आवडत होता, तो भरगच्च तेलाचा कडकपणा होता. पॅड डिस्कच्या इतके जवळ की लिव्हर जेमतेम हलवावी लागे. दाबताना सुख, सोडताना दुखणं. लिव्हरची पकड बोटांजवळ आणणारा स्क्रू थोडा फिरवून दिला. त्याने निम्मं समाधान झालं.

डावा पिस्टन अजूनही उजव्यापेक्षा किंचित मागून येतो. लिव्हर दाबून वरून पाहिलं तर दिसतं. सीलखाली गेलेल्या त्या मळाने बारीक ओरखडा उठवला असावा, असा माझा तर्क. चाक घासत नाही, ब्रेक ओढत नाही, म्हणून कॅलिपर बदलायच्या भानगडीत पडलो नाही.

आज करायचं झालं तर

पहिला बदल प्रश्नांमध्ये. 'कधीपासून' याच्या सोबत 'त्याआधी तेलाला कोणी हात लावला होता का, आणि तेव्हा पॅड कसे होते' हे विचारेन. या प्रकरणाचं खरं उत्तर सहा महिने जुनं होतं आणि मालकाला ते माहीतच होतं. फक्त त्याला ते तक्रारीशी जोडलेलं वाटत नव्हतं. तेल टाकल्यावर ब्रेक सुधारला होता ना!

दुसरा बदल क्रमात. पिस्टन आत ढकलण्याआधी टाकीचा स्क्रू उघडायचा, प्रत्येक वेळी. तेल वर आलं तर उत्तर मिळालं. नाही आलं तरी काही बिघडत नाही, आणि भरलेल्या टाकीवर जोर लावून पडदा किंवा लिव्हरचे सील फाडण्याचा धोका टळतो. त्या दिवशी मी दोन अंगठे लावून ढकलत होतो, तेव्हा ते फाटले नाहीत हे नशीब.

पॅड टाकून द्यायचा निर्णय पुन्हा तसाच घेईन. कॅलिपर नुसता सरकवून न देण्याचाही. स्प्रेबद्दल मालकाला फार बोललो नाही. चाक धरल्यावर हाताशी असेल ते मारावंसं वाटणं समजण्यासारखं आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्वतःलाच टोचतं. पहिल्या दुरुस्तीनंतर मी चाक स्टँडवर फिरवून सायकल परत दिली. गार ब्रेकवर, सपाट जागी, दोन मिनिटं. तक्रार उतारावर चालवणाऱ्या माणसाची होती आणि परीक्षा मी अशी घेतली की ज्यात ब्रेक नापास होणं शक्यच नव्हतं. एक उतार तेव्हाच उतरवून पाहिला असता, तर तो परवाच्या उतारावर अर्ध्यात सायकल उचलून बाजूला घेत बसला नसता.

मालकाने आता लिव्हरच्या टाकीवर चिकटपट्टी लावून त्यावर 'मिनरल' आणि ब्लीड केल्याची तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या वेळी लिव्हर आत यायला लागली की तेल टाकायच्या आधी पॅड बघायचे, असं तो म्हणतो. परवा विचारत होता, पुढच्या ब्रेकवरही तेव्हा त्याच माणसाने तेल टाकलं होतं का, हे आठवत नाही, बघायचं का? येत्या रविवारी फनेल घेऊन जातोय.